'क्रेझी ब्लूज': एक डॉलरच्या तबकडीमागची गोष्ट

१० ऑगस्ट १९२०, न्यूयॉर्क. कृष्णवर्णीय गायिका मॅमी स्मिथ भोंग्यासमोर उभी राहून 'क्रेझी ब्लूज' गायली. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेला गाण्याचा प्रकार. मायक्रोफोनवरचं ध्वनिमुद्रण यायला अजून पाचेक वर्षं होती. आवाज भोंग्यात शिरायचा, पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. त्यामुळे आजही ही तबकडी ऐकताना मॅमीचा आवाज स्पष्ट पुढे येतो, घसरत जाणारा ट्रॉम्बोनही नीट कळतो. बाकीची वाद्यं मात्र शेजारच्या खोलीत वाजल्यासारखी वाटतात.

कृष्णवर्णीयांचे आवाज याआधीही तबकड्यांवर आले होते. गायक जॉर्ज जॉन्सन तर १८९०च्या दशकातला. पण ते सगळं प्रामुख्याने गोऱ्या गिऱ्हाइकासाठी. कृष्णवर्णीय माणूस पैसे मोजून तबकडी घेईल, हे कंपन्यांच्या गावीही नव्हतं. गीतकार पेरी ब्रॅडफर्ड याच समजुतीशी भांडत कंपन्यांचे उंबरे झिजवत होता. अखेर 'ओके' कंपनीचा फ्रेड हेगर तयार झाला. त्याच्याही मनात आधी सोफी टकर ही गोरी गायिका होती. ते जमलं नाही, म्हणून फेब्रुवारीत मॅमीची दोन गाणी झाली. ती बऱ्यापैकी चालली, म्हणून ऑगस्टमध्ये हे.

मग श्रोत्यांनी उत्तर दिलं, तेही खिशात हात घालून. तबकडी एक डॉलरची, म्हणजे मजुराला स्वस्त नव्हेच. तरी पहिल्या महिन्यात ७५ हजार खपल्याचं सांगतात. हा आकडा थोडा फुगवलेला असेलही. रेल्वेच्या पुलमन डब्यांतले, म्हणजे झोपायची सोय असलेल्या डब्यांतले, कृष्णवर्णीय पोर्टर तबकड्यांचे गठ्ठे घेऊन निघायचे आणि वाटेतल्या गावांत विकायचे. मला या हकिकतीतलं हेच सगळ्यात आवडतं: जाहिरातही त्यांची, वितरणही त्यांचंच.

गाणं तसं सोडून गेलेल्या प्रियकराचं. पण शेवटाकडे बंदूक घेऊन पोलिसाला गोळी घालण्याची भाषा येते. १९१९च्या वांशिक दंगली ताज्या असताना! कंपनीच्या साहेबांनी ते कडवं कान देऊन ऐकलं होतं का, मला शंकाच आहे.

गिटार आणि एकाकी गळा अशी ब्लूजची कल्पना असलेला आजचा श्रोता इथे जरा गोंधळतो. हे निम्मं व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या करमणुकीच्या खेळांच्या, रंगमंचावरचं गाणं आहे.

१९२१ मध्ये 'ओके'ने कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी ८०००च्या पुढच्या क्रमांकांची वेगळी मालिका काढली. अशा तबकड्यांना पुढे 'रेस रेकॉर्ड्स' (रेस म्हणजे वंश) म्हणू लागले. गिऱ्हाईक मान्य झालं, पण त्याची यादी वेगळी ठेवून.