चुंबकीय नॅनोकण आणि ईजीएफ: स्तनाच्या कर्करोगपेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून लोह-ऑक्साइडचे चुंबकीय नॅनोकण आणि ईजीएफ हा वृद्धिघटक मागवणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा कणांच्या आकाराबद्दल असतो. तो रास्तच आहे. परंतु प्रयोग कोणत्या पेशींवर होणार आहे, हे त्याआधी ठरायला हवे, कारण ईजीएफ जोडलेला कण पेशीत शिरतो तो मुख्यतः तिच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर या ग्राहीच्या (ईजीएफ पकडणाऱ्या प्रथिनाच्या) वाटेने, आणि ती वाटच अरुंद असेल तर उत्तम कणही बाहेर ताटकळत राहतो.

ईजीएफ हे ५३ अमिनो आम्लांचे, सुमारे ६ किलोडाल्टन वजनाचे छोटे प्रथिन आहे. त्याच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ते ग्राहीला बसले की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, पेशीत वाढीचे संदेश सुरू होतात, आणि त्यानंतर ग्राही व ईजीएफ दोन्ही आत ओढले जाऊन त्यांतील बराच भाग लायसोसोमपर्यंत, म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशवीपर्यंत, पोहोचतो. चुंबकीय कण ईजीएफला जोडण्यामागचा हेतू या शेवटच्या टप्प्याचा लाभ घेण्याचा असतो.

आता पेशींविषयी. एमसीएफ-७ हा डेट्रॉइट येथे १९७३ साली प्रसिद्ध झालेला पेशीवंश (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये असतो आणि म्हणूनच तो निवडला जातो. त्यात इस्ट्रोजेनचा ग्राही भरपूर आहे, पण ईजीएफआर कमी. ईजीएफआरच्या वाटेने कण आत न्यायचे असतील तर एमडीए-एमबी-२३१ किंवा एमडीए-एमबी-४६८ हे ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेनचा, प्रोजेस्टेरॉनचा आणि एचईआर-२ हे तिन्ही ग्राही फारसे नसलेले) पेशीवंश अधिक योग्य ठरतात, आणि एमसीएफ-७ त्यांच्या शेजारी तुलनेसाठी ठेवावा. मात्र ४६८ मध्ये ईजीएफआर इतका जास्त आहे की नेहमीच्या मात्रेतील ईजीएफने या पेशींची वाढ खुंटते. हे ठाऊक नसल्याने ईजीएफ खराब निघाल्याची तक्रार आमच्याकडे येते. वस्तुतः तो त्या पेशींचा स्वभाव आहे. एसके-बीआर-३ या पेशीवंशात ईजीएफआरच्याच कुळातील एचईआर-२ हा ग्राही विपुल असला तरी ईजीएफ त्या ग्राहीला स्वतः बसत नाही. एचईआर-२ हेच लक्ष्य असेल तर कणाला ट्रास्टुझुमॅबसारखी, एचईआर-२ला बसणारी प्रतिपिंडे जोडावी लागतील, आणि तसे असल्यास मागणी नोंदवण्यापूर्वी आमच्याशी बोलावे.

कर्करोग नसलेल्या पेशी म्हणून एमसीएफ-१०ए वापरताना तिच्या नेहमीच्या मीडियममध्येच (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवातच) मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ईजीएफ असते, हे ध्यानात ठेवावे. प्रयोगापूर्वी पेशी ईजीएफविरहित मीडियममध्ये न ठेवल्यास ग्राही आधीच व्यापलेले असतात. तसेच जुन्या साठ्यातील एमडीए-एमबी-४३५ वर स्तनाच्या कर्करोगाचा प्रयोग करू नये. हा पेशीवंश प्रत्यक्षात मेलेनोमाचा (त्वचेच्या एका कर्करोगाचा) असल्याचे जनुकीय पडताळणीतून पुढे आले आहे. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून आणलेल्या असोत वा शेजारच्या विभागातून, त्यांची एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) एकदा करून घेणे हे कण विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे, असे आमचे मत आहे.

कणाला जोडलेले ईजीएफ आणि मोकळे ईजीएफ यांना एकच समजू नये. मानवी ईजीएफमध्ये जोडणीसाठी उपलब्ध असे तीन अमाइन गट असतात: एक प्रथिनाच्या टोकाला, आणि २८ व ४८ या क्रमांकांच्या लायसिन या अमिनो आम्लावर. ग्राहीशी बंध होण्यासाठी ४७ क्रमांकाचे ल्युसिन महत्त्वाचे असल्याने, ४८ वर जोडलेला रेणू कणावर मोजला जातो, पण त्याचा उपयोग होईलच असे नाही. उंदराच्या ईजीएफमध्ये लायसिन मुळीच नाही. ते टोकानेच जोडले जाते आणि मानवी ग्राहीलाही बसते, म्हणून स्वतः जोडणी करणाऱ्यांना आम्ही तेच सुचवतो. ईडीसी हे जोडणीचे रसायन वापरताना ट्रिस बफर घेऊ नये, कारण त्यातील अमाइन प्रथिनाच्या आधीच अभिक्रिया करून टाकते.

यामुळेच एका प्रयोगात किमान तीन गट हवेत: ईजीएफ नसलेला पण तेच आवरण असलेला कण, तेवढेच मोकळे ईजीएफ, आणि जोडलेला कण. शक्य असल्यास चौथ्या गटात जोडलेल्या कणासोबत मोकळे ईजीएफ अनेक पटींनी जास्त घालावे. त्याने कणांचे शोषण घटले, तर ते ग्राहीमार्फत होत होते असे म्हणायला आधार मिळतो. मात्रा लिहिताना लोहाचे मायक्रोग्रॅम आणि ईजीएफचे नॅनोग्रॅम अशा दोन्ही संख्या द्याव्यात. मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम मोकळे ईजीएफ म्हणजे सुमारे १.६ नॅनोमोलर, एवढा हिशेब तुलनेला पुरतो.

अशा कणांपासून काय साधू शकते, याचे आम्हाला आवडणारे उदाहरण पोर्तो रिकोतील मायाग्वेझच्या विद्यापीठातील गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या कामाचे आहे. ईजीएफआरला लक्ष्य करणारे कण पेशींत गेल्यावर त्यांनी प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणारे) चुंबकीय क्षेत्र लावले, तेव्हा भोवतालच्या द्रवाचे तापमान जाणवण्याइतके न वाढताही कर्करोगपेशी मेल्या. एरवी चुंबकीय तापोपचारात (कण तापवून पेशी मारण्याच्या पद्धतीत) ४२ अंशांच्या वर जाण्याची धडपड असते, त्यामुळे या निष्कर्षाने बऱ्याच जणांचे लक्ष वेधले. मात्र असा प्रयोग साध्या चुंबकाने होत नाही; त्यासाठी शेकडो किलोहर्ट्झचे क्षेत्र देणारी कॉइल लागते.

आमच्या कणांचा गाभा १० ते १५ नॅनोमीटरचा असून ते अतिपरचुंबकीय आहेत, म्हणजे क्षेत्र काढताच त्यांचे चुंबकत्व उरत नाही. डीएलएसमध्ये (प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजण्याच्या पद्धतीत) हाच कण मोठा दिसतो, कारण तेथे आवरण आणि भोवतालचा पाण्याचा थरही मोजला जातो. इतके लहान कण साध्या मॅग्नेटिक स्टँडवर चटकन गोळा होत नाहीत. नळी स्टँडवर ठेवून दहा मिनिटांनीही द्रव चहाच्या रंगाचाच राहिला, तर कण बिघडलेले नाहीत. त्यांना पोलादी जाळीचा, तीव्र क्षेत्राचा कॉलम लागतो. ढवळण्यासाठी मॅग्नेटिक स्टिरर वापरू नये, निम्मा माल त्या पांढऱ्या दांडीलाच चिकटून बसेल.

एमटीटी चाचणीत, म्हणजे जिवंत पेशी रंगाच्या प्रकाशशोषणावरून मोजताना, तपकिरी कण स्वतःही प्रकाश शोषतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासू शकतात. पेशींविना केवळ कण घातलेल्या विहिरी (प्लेटमधील खळगे) प्रत्येक प्लेटमध्ये ठेवून ते वाचन वजा करावे. पेशीत लोह पोहोचले की नाही, हे प्रशियन ब्लू रंजनाने साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही निळ्या ठिपक्यांत दिसते.

नॅनोकणांची बाटली ४ अंशांवर ठेवावी आणि कधीही गोठवू नये. एकदा गोठलेले कण गुठळ्या धरतात आणि पुन्हा सुटे होत नाहीत. ईजीएफच्या कोरड्या पावडरीचे मात्र उलट आहे. व्हायल उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवावी, कारण पावडर बहुतेकदा झाकणाला लागलेली असते, मग ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन) असलेल्या द्रावणात विरघळवून लहान भाग करून ते उणे २० किंवा उणे ८० अंशांवर ठेवावेत. बीएसए नसेल तर बरेचसे ईजीएफ प्लॅस्टिकलाच चिकटते.

रुग्णांचे नातेवाईक कधीकधी थेट आमच्याकडे विचारणा करतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते: ही उत्पादने केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी आहेत, ती औषध नाहीत आणि निदानासाठीही वापरता येत नाहीत. प्रगत स्तनकर्करोगात रक्तातील कर्करोगपेशी चुंबकीय कणांनी मोजणारी, अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळालेली चाचणी अस्तित्वात आहे, पण तिच्यातील कण ठरावीक निकषांनुसार बनवून तपासलेले असतात आणि आमचे कण त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

काही अडचण आल्यास लॉट क्रमांक, पेशीवंशाचे नाव व पॅसेज (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा), मीडियममधील सीरमचे प्रमाण आणि बाटलीचे एक छायाचित्र पाठवावे. बाटलीच्या तळाशी गाळ दिसत असेल, तर ती न हलवताच छायाचित्र घ्यावे.