सुईने काढलेल्या पेशींवरून जर्म सेल ट्यूमरची ओळख : पार्श्वभूमी

गाठीतून सुईने पेशी ओढून तपासण्याची पद्धत १९३० मध्ये न्यू यॉर्कमधून प्रसिद्ध झाली. तिला बारीक सुई आणि हवेत वाळवून जिम्सा पद्धतीने रंगवलेली काचपट्टी यांची जोड पुढे स्वीडनमध्ये मिळाली. जर्म सेल ट्यूमर म्हणजे बीजपेशींपासून, मुख्यतः वृषणात किंवा अंडाशयात, होणाऱ्या गाठी. त्यांतील सेमिनोमा या प्रकाराच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरला, कारण त्याच्या नाजूक, ग्लायकोजेनने (पेशीतील साठवणीच्या साखरेने) भरलेल्या पेशी पट्टीवर फुटल्या की मागे वाघाच्या पट्ट्यांसारखी जाळी उमटते आणि अल्कोहोलमध्ये स्थिर केलेल्या पट्टीवर ती सहसा दिसत नाही.

वृषणाच्या गाठीत मात्र सुई घालू नये, हा दंडक कायम राहिला. वृषणाची लसिका (ऊतींतून वाहणारा द्रव, ज्यातून कर्करोगाच्या पेशीही पसरतात) पोटामागील लसिकाग्रंथींकडे जाते आणि वृषणकोशाच्या त्वचेची जांघेकडे. त्यामुळे सुईच्या वाटेने पेशी सांडल्या तर रोग अनपेक्षित दिशेने पसरेल, ही भीती त्यामागे होती. १९९५ मधील एका एकत्रित विश्लेषणात वृषणकोशाला छेद गेलेल्या रुग्णांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण २.९ टक्के, तर इतरांत ०.४ टक्के आढळले. दूरचा प्रसार आणि जगण्याचे प्रमाण यांत फरक दिसला नाही. शिवाय हे छेद बहुतांशी शस्त्रक्रियेतले होते, बारीक सुईचे नव्हेत. तरीही दंडक टिकला, आणि तो टिकण्यामागे धोक्याइतकेच हेही कारण असावे की जांघेतून वृषण काढल्यावर निदान आणि उपचाराचा पहिला टप्पा एकदमच पार पडतो. अंडाशयातही आवरण फुटून रोगाचा टप्पा वाढू नये म्हणून सुई टाळली जाते.

परिणामी सुईच्या नमुन्यात हे ट्यूमर भेटतात ते प्रामुख्याने मानेतील व पोटामागील ग्रंथींत, छातीच्या मध्यभागी किंवा पोटातच राहिलेल्या वृषणात, म्हणजे जिथे लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) आणि कार्सिनोमा (अवयवांच्या अस्तरपेशींचा कर्करोग) यांच्याशी गल्लत सहज होते. १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध आल्यावर पसरलेला रोगही बरा होऊ लागला आणि अशी गल्लत अक्षम्य ठरली. २००० नंतर ऑक्ट-४ आणि पुढे सॉल-४ या जर्म सेल ट्यूमरच्या पेशींत आढळणाऱ्या प्रथिनांच्या रंगचाचण्या सेल ब्लॉकवर (सुईने काढलेल्या पेशी मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यावर) होऊ लागल्या, तेव्हा केवळ रूपावरून चालणारा तर्क मागे पडला.

नमुना निवडीची अडचण यातून सुटली नाही. मिश्र गाठीतील सेमिनोमाखेरीजचा (नॉन-सेमिनोमाचा) भाग, उदाहरणार्थ टेराटोमा हा प्रकार, सुईला चुकू शकतो. म्हणून पट्टीवर निव्वळ सेमिनोमा दिसला, पण निव्वळ सेमिनोमात न वाढणारे अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन रक्तात वाढलेले असून त्याला यकृताचे कारण नसेल, तर उपचार नॉन-सेमिनोमाचेच दिले जातात.