ग्लुटामेट

ग्लुटामेट म्हणजे ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाचे शरीरात सापडणारे रूप. प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांतले हे एक. जिभेवर ते चव होऊन येते आणि मेंदूत एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवते. गोव्यात बहुतेकांना ते ‘अजिनोमोटो’ या व्यापारी नावानेच ठाऊक आहे: जत्रेतल्या चायनीजच्या गाड्यावर कढईत चिमटीने पडणारी पांढरी पूड.

जर्मन रसायनज्ञ रिटहाउझेन यांनी १८६६ साली गव्हाच्या ग्लुटेनपासून हे आम्ल वेगळे केले. नाव त्यावरून पडले. चवीशी त्याचे नाते मात्र १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी दाखवले. कोम्बू या समुद्री शेवाळाच्या सारातली चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही हे हेरून त्यांनी तिला ‘उमामी’ म्हटले आणि तिचे कारण ग्लुटामेट असल्याचे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्याचे सोडियम क्षार, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट (एमएसजी), बाजारात आले. आज ते उसाच्या मळीसारख्या पदार्थांवर जिवाणू वाढवून, आंबवून तयार करतात.

आहारात

अन्नातले ग्लुटामेट काही प्रथिनांत गुंफलेले असते, काही मोकळे. जिभेला कळते ते मोकळेच. काजूगरात ग्लुटामिक आम्ल इतर सर्व अमिनो आम्लांहून जास्त, शंभर ग्रॅममागे सुमारे साडेचार ग्रॅम. पण ते जवळजवळ सगळे प्रथिनांत अडकलेले, म्हणून काजूला ती चव येत नाही. पदार्थ सुकवला, मुरवला किंवा आंबवला की प्रथिने तुटतात, पाणी उडते आणि मोकळे ग्लुटामेट दाट होते.

फोंड्याकडच्या एखाद्या घरात किसमूर होत असताना हे नाकाला आधी कळते. पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) भरून ठेवलेली सुकी सुंगटे (कोलंबी) डोकी-शेपट्या मोडून तव्यावर मंद आचेवर परततात. ती कुरकुरीत झाली की वास अंगणापर्यंत जातो. मग हाताने चुरडून त्यात खवलेला नारळ, बारीक कांदा, मिरची, मीठ आणि चिंचेचा कोळ. ताटाच्या कडेला चमचाभर वाढली तरी उकड्या तांदळाची पेज संपते, आणि चव जिभेवर बराच वेळ राहते. हे रेंगाळणे उमामीचे खास लक्षण आहे.

बांगड्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या मांसात इनोसिनेट नावाचे द्रव्य असते. ते ग्लुटामेटला भेटले की चव दोहोंच्या बेरजेहून कितीतरी वाढते. कांदा-टोमॅटोतल्या बांगड्याच्या कालवणाला मसाला थोडा असला तरी चालतो तो यामुळे. श्रावणात नुस्ते (मासळी) बंद असते तेव्हा वारुळांवर उगवणारी अळमी ही उणीव बऱ्यापैकी भरून काढतात, कारण अळंब्यांतही मोकळे ग्लुटामेट असते. माणसाची या चवीशी पहिली ओळख तर आईच्या दुधातच होते: त्यात मोकळे ग्लुटामेट गाईच्या दुधाच्या जवळपास दहापट असते.

मग अजिनोमोटोची भीती आली कुठून? १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डॉ. रॉबर्ट हो मान क्वॉक यांचे छोटे पत्र छापून आले. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते, असे त्यांनी लिहिले होते आणि कारणे म्हणून सोया सॉस, दारू, मीठ, एमएसजी अशा शक्यता मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात एमएसजी तेवढे राहिले. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना त्वचेखाली मोठ्या मात्रेत ते टोचले तेव्हा मेंदूतल्या पेशी मेल्या. प्रयोग खरा होता, पण टोचणे आणि जेवणातून खाणे यांत फार अंतर आहे. माणसांवरच्या नंतरच्या चाचण्यांत अन्नाशिवाय एकदम तीन ग्रॅम वा जास्त घेणाऱ्या काहींना डोकेदुखीसारखा सौम्य, तात्पुरता त्रास झाला. तोही दर खेपेस झाला नाही. एका वाढपात ते सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने १९८७ साली रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नाही असे ठरवले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली अधिक सावध भूमिका घेऊन वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम ही दैनंदिन मर्यादा सुचवली. साठ किलोच्या माणसाला ती १.८ ग्रॅम पडते.

२०२४ साली म्हापशाच्या बोडगेश्वर जत्रेत गोबी मांचुरियनच्या गाड्यांना मनाई झाली, तेव्हा घरोघरी दोष अजिनोमोटोवर गेला. मनाईची कारणे कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही होती, आणि जपायचे असेल तर त्यांनाच जपायला हवे. रक्तदाब असलेल्याने खरे तर मीठ मोजावे: मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असते, एमएसजीत १२ टक्के.

ताटातले मेंदूत जाते का?

जवळजवळ नाही. खाल्लेल्या ग्लुटामेटचा फार मोठा भाग आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात उरते त्याला मेंदूच्या केशवाहिन्यांच्या घट्ट भिंती, म्हणजे रक्त-मेंदू अडसर, सहजी आत येऊ देत नाहीत. मेंदू आपले ग्लुटामेट घरीच, मुख्यतः ग्लुकोज आणि ग्लुटामिनपासून, बनवतो. किसमुरीतला आणि मेंदूतला रेणू एकच असला तरी दोघांची भेट जवळजवळ होत नाही, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजावे.

मेंदूत

ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक चेतापारेषक, म्हणजे चेतापेशींमधला निरोप्या, आहे. दोन चेतापेशींमधल्या फटीपाशी ते इवल्या पिशव्यांत भरलेले असते. विद्युतसंदेश आला की पिशव्या फुटतात, ग्लुटामेट फट ओलांडून पलीकडच्या ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या दारांना, चिकटते. त्यांतले एएमपीए नावाचे ग्राही लगेच उघडतात. एनएमडीए या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहीच्या तोंडाशी मात्र मॅग्नेशियमचे बूच असते. ग्लुटामेट चिकटलेले आणि पेशी आधीच जागी झालेली, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. हे वारंवार घडले की तो जोड पक्का होतो. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात) हा पक्केपणा नोंदवला. शिकणे आणि आठवणे यांचा पाया तोच मानतात.

काम झाले की ग्लुटामेट तत्काळ उचलावे लागते. शेजारच्या ताराकृती पेशी ते शोषून ग्लुटामिन करतात आणि चेतापेशींना परत देतात. मेंदूला शांत ठेवणारे गाबा हे द्रव्यही ग्लुटामेटपासूनच, बी-६ जीवनसत्त्वाच्या मदतीने, बनते.

आजारांत

ही उचल थांबली की अनर्थ होतो. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो, पेशींची ऊर्जा संपते, ग्लुटामेट आत ओढणारे पंप उलटे चालू लागतात. साचलेल्या ग्लुटामेटने ग्राही उघडेच राहतात, कॅल्शियम आत लोटते आणि पेशी अतिउत्तेजनाने मरते. तिच्यातून सांडलेले ग्लुटामेट शेजारणीला मारते. ही साखळी औषधांनी तोडण्याचे बहुतेक प्रयत्न माणसांत फसले. म्हणून गुठळीच्या पक्षाघातात गुठळी विरघळवण्याची घाई करावी लागते. ती विरघळवणाऱ्या इंजेक्शनाची मुदत लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांची. पेडणे किंवा काणकोणहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे तर तोंड वाकडे झाल्यावर ‘सकाळी बघू’ म्हणायला वेळ उरत नाही.

अपस्मारात उत्तेजन आणि शमन यांचा तोल ढळतो. अल्झायमरमध्ये मेमँटिन हे एनएमडीए ग्राहीवरचे औषध थोडा फायदा देते. एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या रोगात १९९५ पासून वापरातले रिलुझोल काही महिने आयुष्य वाढवते.

एका आजाराविषयी मुद्दाम लिहायला हवे. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या मेंदूदाहात शरीराची प्रतिपिंडे एनएमडीए ग्राहींवरच हल्ला करतात. बहुधा तरुण मुलगी. काही दिवसांत बडबड, भास, संशय, मग झटके आणि निपचित पडणे. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते आणि पहिली फेरी घाड्याकडे (मांत्रिकाकडे) होते. डॉक्टरांनाही तो आधी मनोविकार वाटू शकतो. अंडाशयात गाठ असेल तर ती काढून आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे देऊन यातले बरेच रुग्ण चांगले सुधारतात, म्हणून वेळ वाया जाऊ नये.

अन्नातून मेंदूला खरा धोका होतो तो ग्लुटामेटच्या तोतयांकडून. लाखेच्या (खेसारी) डाळीतले एक विष एएमपीए ग्राहींना छेडते. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच डाळ खाणाऱ्यांचे पाय कायमचे ताठरले. भारतात १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरची शिणाणी (एक प्रकारचे शिंपले) खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली, काही दगावली, आणि काहींना नवे काही आठवेनासे झाले. सूक्ष्म शैवालातले डोमोइक आम्ल शिणाण्यांत साठले होते. शिजवून ते जात नाही.