ट्रक लोअर केला आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागला, असं का होतं

पिकअप ट्रक लोअर केला, म्हणजे सस्पेन्शन बदलून खाली बसवला, की काही दिवसांत मीटरवर ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लागतो, आणि लोक म्हणतात कॉम्प्युटरला कळलं गाडीशी छेडछाड झालीये म्हणून. तसं नसतं हो. साध्या स्प्रिंगच्या बऱ्याच ट्रकमध्ये उंची मोजणारा सेन्सरच नसतो, मग गाडी २ इंच खाली बसली हे त्याला कळणार कुठून?

त्याला खटकतं ते दुसरंच, आणि मला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. ट्रॅक्शन कंट्रोल ज्या स्टॅबिलिटी सिस्टीमचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, भाग असतो, ती बॉशची सिस्टीम १९९५ मध्ये पहिल्यांदा मर्सिडीजमध्ये आली, तेव्हापासून तिचा गाभा एकच आहे. स्टिअरिंगवरचा सेन्सर सांगतो की ड्रायव्हरला किती वळायचंय, गाडीच्या मधोमध बसवलेला यॉ सेन्सर सांगतो की गाडी स्वतःभोवती सेकंदाला किती अंश फिरतेय, आणि हे दोन आकडे जुळत नसले तर सिस्टीम समजते की गाडी घसरतेय.

आता लोअर केल्यावर काय होतं बघा. चाक धरून ठेवणारा कंट्रोल आर्म आणि चाक वळवणारा टाय रॉड, दोघंही वर-खाली होताना आपापला कंस काढतात. कंपनीने ठरवलेल्या उंचीला ते कंस जवळजवळ एकमेकांवर बसतात, पण गाडी खाली आणली की फाकतात, टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो आणि टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते, बिघडतो. डावं-उजवं सारखं बिघडलं नाही तर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं.

समजा ते ६ अंश वाकडं आहे. स्टिअरिंग रेशो १६ धरला, म्हणजे स्टिअरिंग १६ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं, तर चाकाशी ०.३७५ अंश. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.६ मीटर आणि वेग ताशी ८० किमी, म्हणजे सेकंदाला २२ मीटर, तर २२ भागिले ३.६ गुणिले ०.३७५, गाडी सेकंदाला साधारण २.३ अंश वळायला हवी. टायरचं सरकणं धरलं तर आकडा कमी येईल, पण शून्य नाही येणार, आणि यॉ सेन्सर तर शून्यच दाखवतोय! ताशी २० ला हाच फरक ०.६ च्या आसपास असतो, म्हणून गल्लीत सगळं ठीक आणि हायवेला दिवा. थोडा फरक बऱ्याच सिस्टीम स्वतःच शिकून घेतात, मर्यादेबाहेर गेला की फॉल्ट टाकतात.

बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा, दिवा जाईल, हा तोडगा निव्वळ अंधश्रद्धा आहे. मेमरी पुसली तरी टाय रॉड तिथेच असतो ना. त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवून देणं, त्यात डोळ्याला सरळ दिसतं पण कॉलममधल्या सेन्सरचा शून्य चुकीचा तो चुकीचाच राहतो.

कधीकधी कारण अगदीच साधं असतं, चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर ताणली किंवा घासली गेलेली, किंवा मागे लहान टायर लावलेत आणि ते सतत जास्त वेगाने फिरतायत, तेव्हा हे आधी बघून घ्या.

नाहीतर अलाइनमेंट करताना स्टिअरिंग सरळ लॉक करून टाय रॉडनेच टो जुळवायचा, मग स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, सेन्सरचा शून्य परत ठरवायचा. झाल्यावर स्कॅनरच्या लाइव्ह डेटात स्टिअरिंग अँगल लावून शेजारी कुणालातरी बसवा आणि सपाट सरळ रस्त्यावर चालवा, आकडा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे, ५-६ वर अडकून बसला तर काम अजून बाकी आहे.