जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप गळतोय? आधी ऑइलची काडी बघा

नमस्कार मंडळी. मिरग जवळ आला की आमच्या दुकानात दुरुस्तीला जुने छोटे ट्रॅक्टर यायला लागतात, आंब्याकाजूच्या कलमांमधून फिरणारे, कुणग्यात (भाताच्या खाचरात) चिखल करणारे, आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, "पंप जरासो गळता, आता काम उरकूया, पावसानंतर बघू." तर हे पत्रक त्याच "जरासो" साठी आहे. बाहेर गळतंय ते फार तर डिझेलचं नुकसान, पण तोच पंप आतल्या बाजूला गळत असेल तर इंजिनच जातं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

आधी कुठला पंप ते सांगतो कारण यात गोंधळ होतो. टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरकडे आणि पुढे मोठ्या पंपाकडे ढकलणारा जो छोटा पंप इंजिनच्या कुशीला बहुतेक दोन बोल्टांवर बसलेला असतो तो फीड पंप, काही मेस्त्री त्याला एसी पंपपण म्हणतात. नोझलला (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाला) जबरदस्त प्रेशर देतो तो मोठा पंप वेगळा, त्याला घरी हात लावू नका. छोट्या पंपात असतं काय तर एक रबर-कापडाचा पडदा म्हणजे डायफ्राम, दोन बारके व्हॉल्व, स्प्रिंग, आणि एक दांडी जी इंजिनच्या आत कॅमवर, म्हणजे उंचवटा असलेल्या फिरत्या भागावर, टेकलेली असते. कॅम फिरला की दांडी हलते, दांडी पडदा ओढते. म्हणजे पडद्याच्या एका बाजूला डिझेल आणि दुसऱ्या बाजूला थेट तुमचं इंजिन ऑइल, मध्ये फक्त ते रबर. (ज्या मशीनची टाकी इंजिनच्या वर असते आणि डिझेल आपोआप खाली उतरतं त्यांना बहुतेक हा पंप नसतोच, तिथे गळती कॉकची नाहीतर नळीची.)

आपल्याकडे हे पडदे का जातात, तर एक म्हणजे वय, आणि दुसरं म्हणजे मशीन वर्षातले महिनोन् महिने मांगरात (शेतावरच्या शेडमध्ये) उभं. रबर सुकतं, कडक होतं, आणि जूनमध्ये एकदम आठ-आठ तास चालवलं की चीर पडते. खाडीजवळच्या गावांत खारी हवा वेगळीच, पंपाच्या बॉडीवर पांढरी भुकटी येते, क्लिपा गंजून हातात येतात.

गळती कशी ओळखायची? कोरड्या दिवसांत सोपं आहे, जिथे डिझेल पाझरतं तिथे आपली लाल माती चिकटून तिचा तेलकट लगदा होतो, पंपाच्या कडेने तो लगदा दिसला की समजा. पावसात मात्र सगळंच ओलं. मग पंप आणि नळ्या फडक्याने पुसून कोरड्या करा, खाली जुना पेपर अंथरा आणि रात्रभर तसंच ठेवा. पाण्याचा डाग सकाळी सुकतो, डिझेलचा डाग सुकत नाही, कागद पारदर्शक होतो आणि वास राहतो. आता तो थेंब नळीच्या क्लिपेतून आलाय का वरच्या झाकणाच्या स्क्रूमधून ते बघा, कारण नुसती नळी तडकलेली असेल तर पंप बदलायची गरजच नाही, असे कितीतरी लोक आम्ही पाच मिनिटांत परत पाठवलेत.

पुष्कळ पंपांना खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलंय. त्यातून डिझेल आलं तर पडदा फाटलाय, इंजिन ऑइल आलं तर दांडीकडचं सील गेलंय. कृपा करून ते भोक एम-सील लावून बुजवू नका!! बाहेर पडायची वाट बंद केली की तेच डिझेल आत ऑइलमध्ये उतरतं.

ऑइल वाढलं तर

हे नीट वाचा. एक काका आले होते, गळतीसाठी नाही, दुसऱ्याच कामाला, बोलता बोलता म्हणाले, "औंदा ऑइल घालूकच लागूक नाय, उलट वाढलाहा, म्हटलं बरा झाला." मी ऑइलची काडी (इंजिनात ऑइल किती आहे ते दाखवणारी खुणांची पट्टी) ओढली, वरच्या खुणेच्या दोन बोटं वर ऑइल, आणि काडी आडवी धरली तर थेंब लोंबकळला नाही, पाण्यासारखा सरळ ओघळला. नाकाजवळ नेली तर डिझेलचा वास. ड्रेन बोल्ट काढल्यावर जे आलं ते ऑइल म्हणायच्या लायकीचं नव्हतं, काळं रॉकेल म्हणा हवं तर. बेअरिंग वाचली होती, नशीब.

डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगवर टिकत नाही, धातूवर धातू घासतो. आणि पातळी फार वाढली तर डिझेल इंजिन ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किंवा पिस्टनच्या रिंगांवरून तेच ऑइल ओढून त्याच्यावरच पळायला लागतं, रेस वाढतच जाते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. असं झालंच तर हवेची वाट बंद करायची, एअर क्लीनरच्या तोंडावर फळी घट्ट दाबून, हात किंवा सैल फडकं नाही, आणि बाकीच्यांना लांब करून.

म्हणून रोज सकाळी स्टार्ट करण्याआधी काडी बघा. पातळी वाढलेली दिसली तर स्टार्टच करू नका, आम्हाला बोलवा. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय, ते दुखणं वेगळं. आणि ऑइल वाढलं म्हणजे दरवेळी छोटाच पंप दोषी असंही नाही, मोठ्या पंपातूनही डिझेल आत उतरू शकतं. म्हणून आम्ही छोटा पंप काढून, डिझेलमध्ये नळी सोडून, दांडी हाताने मारून खालून थेंब येतो का ते तुमच्यासमोर बघतो आणि मगच नवीन बसवतो.

बदलताना काय होतं

हाताला सवय असेल तर हे काम घरी जमतं, तासा-दोन तासाचं आहे. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, विडी-सिगरेट लांब. टाकीचा कॉक बंद करा, जुन्या मशीनला तो नीट बंद होत नाही हे धरून चला आणि खाली टोप ठेवा. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या, कुठली नळी आत येणारी आणि कुठली जाणारी, कारण उलटी लावली तर पंप डिझेल देणार नाही आणि तुम्ही नवीन पंपाला शिव्या घालाल. पंपावर बहुतेक बाण असतो पण गंजात दिसत नाही.

बोल्ट काढले की पंप सरळ बाहेर येतो. जुनं पॅकिंग खरवडताना भोकात फडकं कोंबा, नाहीतर ते तुकडे ऑइलमध्ये. पंपाच्या आणि इंजिनच्या मध्ये जाड स्पेसर असेल तर तो टाकून देऊ नका, आणि दोन-दोन पॅकिंगही लावू नका, दांडी कॅमवर किती दाबली जाते ते त्या जाडीवर ठरतं. स्पेसर गेला तर दांडी जास्त दाबून तुटते, जाडी वाढली तर पंप अर्धाच मारतो.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: कॅमचा उंचवटा दांडीसमोर असताना पंप बसवायला गेलात तर पंप तिरका उभा राहतो, मग माणूस एका बोल्टने ओढून बसवायला बघतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघतात. इंजिन हाताने थोडं फिरवा, डिकॉम्प्रेशनचा खटका (इंजिन हाताने हलकं फिरावं म्हणून आतला दाब सोडणारा) असेल तर तो उचलून, उंचवटा पलीकडे गेला की पंप हाताच्या दाबाने जवळजवळ टेकतो. दांडी कॅमच्या वर बसते का खाली ते काढतानाच बघून ठेवा. बोल्ट दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बॅन्जो बोल्ट (नळी जोडणारे, मधून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट) असतील तर तांब्याचे वायसर नवीनच घ्या, दहा-वीस रुपयांसाठी जुने लावू नका. नळ्याही त्याच वेळी बदला.

मग नळ्यांत शिरलेली हवा म्हणजे एअर काढायची. टाकीत भरपूर डिझेल, कॉक चालू, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून पंपाची हातदांडी मारायची, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल, तेव्हा स्क्रू बंद. तेच मोठ्या पंपाच्या स्क्रूला. हातदांडी ढिली लागत असेल, जोरच येत नसेल तर नवीन पंप खराब म्हणून लगेच परत आणू नका, कॅमने आतली दांडी आधीच दाबून धरलेली असते, इंजिन एक फेरा फिरवा आणि परत मारा. नोझलचा नट सैल करून स्टार्टर मारायची वेळ आली तर हात आणि तोंड लांब ठेवा, ते डिझेल कातडीत घुसतं.

ऑइलमध्ये डिझेल गेलेलं असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलायचे, त्यात सूट नाही. काढलेलं ऑइल वहाळात ओतू नका, डब्यात भरून आमच्याकडे आणा, आम्ही जमा करून ठेवतो.

पेट्रोलवाल्या जुन्या मशीनच्या लोकांसाठी एकच: पेट्रोलची गळती म्हणजे उद्यावर ढकलायची गोष्टच नाही, गरम सायलेन्सरवर एक थेंब पुरतो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या नळ्या आणि पडदे त्याच्यासाठी बनवलेले नव्हते, लवकर फुगतात.

पार्टसाठी येताना जुना पंप सोबत आणा, नाहीतर दोन्ही बाजूंचे फोटो आणि बोल्टांमधलं अंतर मोजून. नुसतं "जुन्या ट्रॅक्टरचो पंप देवा" म्हटलं तर आम्हाला देता येत नाही, दांडीचा आकार थोडा वेगळा असला तरी चालत नाही. काही पंपांचं किट (पडदा, व्हॉल्व असे आतले सुटे भाग) मिळतं, बॉडी चांगली असेल तर आम्ही तेच सांगतो, बॉडीला पांढरी भुकटी आणि खड्डे असतील तर किटवर पैसे घालू नका. काढलेला पंप तुमचा, तुम्हाला परत मिळेल. गणपतीचे पाच दिवस दुकान बंद असतं.