प्रोफाइल बरोबर, तरी फोटो गुलाबी

महागाचा कागद आणला, त्या कागदासाठी प्रिंटरचे खास रंग-प्रोफाइल बनवून घेतले, फोटोशॉपमध्ये ते निवडले आणि तरीही फोटो निघाला गुलाबी. नवरदेवाचा पांढरा सदरा गुलाबट, मंडपाचा राखाडी पडदा जांभळट. राग निघतो प्रोफाइलवर आणि सल्ला मिळतो, 'नवीन बनवून घ्या.' पैसे पुन्हा जातात आणि फोटो पुन्हा गुलाबीच येतो. अशा तक्रारींत प्रोफाइल स्वतः चुकलेले फार कमी वेळा असते. ते ज्या परिस्थितीत मोजले आणि ज्या परिस्थितीत आज वापरले, त्या दोहोंत फरक पडलेला असतो. फरक कुठे पडला, हे बऱ्याचदा फोटोवरच्या झाकेवरूनच कळते.

प्रोफाइल म्हणजे मोजमापांची नोंद. प्रिंटरला लाल, हिरवा आणि निळा यांचे अमुक आकडे दिले की कागदावर कोणता रंग उमटतो, हे त्यात लिहिलेले असते. उमटलेला रंग लिहितात तो १९७६ साली ठरलेल्या 'लॅब' पद्धतीने : एक आकडा उजळपणाचा, एक हिरव्या-तांबड्याचा, एक निळ्या-पिवळ्याचा. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी १९९३ मध्ये आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) ही संस्था काढली आणि या नोंदीचा सामाईक साचा ठरवला. म्हणून एकीकडे बनलेले प्रोफाइल दुसरीकडच्या सॉफ्टवेअरला वाचता येते. आठ बिटांच्या, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांच्या, हिशेबाने प्रिंटरला १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग सांगता येतात. तेवढे छापून मोजत कोण बसणार? म्हणून नमुन्याचे चौकोन छापतात. एका प्रचलित तक्त्यात ते ९१८ असतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारे यंत्र, त्यांच्यावरून फिरवायचा आणि मधल्या रंगांचा अंदाज गणितावर सोडायचा.

या नोंदीत शाई आली, कागद आला आणि ड्रायव्हरमधले (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले) 'मीडिया टाइप'ही आले. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. मीडिया टाइप हे नुसते कागदाचे नाव नसते. कागदावर किती शाई सोडायची आणि काळी शाई कुठली वापरायची, ते त्यावर ठरते. पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेल्या) शाईच्या बऱ्याच प्रिंटरांत चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक आणि मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक अशा दोन काळ्या असतात. तक्ता एका सेटिंगवर छापला आणि फोटो दुसऱ्यावर, की प्रोफाइल दुसऱ्याच एखाद्या प्रिंटरचे असल्यासारखे वागते.

आता गुलाबी झाकेकडे येऊ. याचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे रंगांची दुरुस्ती दोनदा होणे. फोटोशॉपने प्रोफाइल वापरून फोटोचे आकडे प्रिंटरच्या भाषेत बदलले. ते आकडे ड्रायव्हरकडे गेले. ड्रायव्हरला हे काम झाल्याची कल्पना नाही. तो ते आकडे साध्या एसआरजीबी (पडद्यांसाठीच्या सर्वसाधारण रंगपद्धतीतल्या) फोटोचे समजतो आणि आपल्या हिशेबाने पुन्हा बदलतो. बहुतेक इंकजेटवर याचा परिणाम मॅजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) झुकलेला, भडक किंवा काळवंडलेला फोटो असा दिसतो. फोटोशॉपमध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' आणि ड्रायव्हरमध्ये रंगव्यवस्थापन बंद, अशी जोडी हवी. ड्रायव्हरमधली खूण एकदा काढली की कायमची गेली, असे समजू नका. प्रीसेट बदलला किंवा ड्रायव्हर अद्ययावत झाला की ती परत आलेली असू शकते.

याच चुकीचा दुसरा अवतार जास्त फसवा असतो, कारण तो प्रोफाइल बनण्याआधीच घडतो. तक्त्याचे चौकोन छापताना कुठलीच दुरुस्ती व्हायला नको. पण तक्त्याची फाइल उघडताना सॉफ्टवेअरने तिला प्रोफाइल चिकटवून रंग बदलले, किंवा छापताना ऑपरेटिंग सिस्टिमने मध्ये हात घातला, तर मोजायला घेतलेले चौकोनच बदललेले असतात. २०१० च्या फोटोशॉप सीएस-५ मधून 'नो कलर मॅनेजमेंट' हा पर्याय गेला, तेव्हा तक्ते छापण्यापुरती 'अ‍ॅडोबी कलर प्रिंटर युटिलिटी' वेगळी द्यावी लागली. असे बदललेले चौकोन छापले गेले तर मोजणी अगदी काटेकोर झाली तरी उपयोग नाही, कारण जे मोजले ते प्रत्यक्ष छपाईत असणारच नाही.

फोटो गुलाबी नसून पिवळट असेल, आणि तोही फक्त फिक्या राखाडी भागांत, तर कागद तपासायला हवा. दुकानात नोटा पारखायला जांभळा दिवा असतो, तो अंधारात कागदावर धरा. कागद निळसर चमकला, तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहे. कपड्यांच्या पावडरीतही याच जातीची रसायने असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि ती ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपाने परत सोडतात, म्हणून कागद पांढऱ्याहून पांढरा वाटतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या दिव्यात अतिनील किरण असले, तर त्यालाही हा निळेपणा दिसतो. प्रोफाइल बनवणारे सॉफ्टवेअर अनेकदा तो रंगातला दोष धरते आणि तो झाकायला फिक्या भागांत किंचित पिवळे वाढवते. खिडकीशी धरला तर फोटो ठीक दिसतो. दिवाणखान्यातल्या साध्या एलईडीखाली, जिथे अतिनील किरण जवळजवळ नसतात, तिथे निळेपणा गायब होतो आणि वाढवलेले पिवळे तेवढे मागे राहते.

मोजणीच्या आयएसओ १३६५५ या मानकात २००९ साली यासाठी वेगवेगळ्या अवस्था नमूद झाल्या. एम-१ मध्ये दिवसाच्या प्रमाणित उजेडाइतके अतिनील किरण धरतात, एम-२ मध्ये ते गाळून टाकतात. फोटो अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे किंवा एलईडीखाली लागणार असेल तर एम-२ ने मोजणी करून घ्यावी. त्याहून सरळ उपाय म्हणजे ब्राइटनर नसलेला कॉटन कागद. तो दुधी दिसतो, म्हणून गिऱ्हाईक आधी नाक मुरडते, पण माझे मत विचाराल तर भिंतीवर वर्षानुवर्षे राहायच्या फोटोला तोच बरा. ब्राइटनरची चमक काळाबरोबर उतरत जाते आणि मग कागद तसाही पिवळाच दिसू लागतो.

उजेडाचा आणखी एक खेळ शाईचा आहे. घरात तटस्थ दिसणारा राखाडी रंग बाहेर उन्हात हिरवट होतो. याला मेटामेरिझम म्हणतात. २००० साली आलेल्या एप्सन स्टायलस फोटो २०००पी या पिगमेंट शाईच्या प्रिंटरचे फोटो यासाठी बरेच बदनाम झाले होते. नंतरच्या प्रिंटरांत राखाडीच्या फिक्या शाया वाढल्या, रंगीत शायांतून राखाडी जुळवण्याची गरज घटली आणि त्रासही पुष्कळ कमी झाला. प्रोफाइल एकाच प्रमाणित उजेडासाठी गणलेले असते (डी-५०, म्हणजे साधारण ५००० केल्विन), त्यामुळे हा दोष त्याच्याकडून पुरता निघत नाही.

फोटो नुसताच काळपट येत असेल तर प्रोफाइलला हात लावू नका, आधी पडद्याचा उजेड कमी करा. छपाईशी ताडून पाहायला पडदा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरतो. पुष्कळ मॉनिटर खोक्यातून निघतात तेच याच्या दुपटीहून प्रखर. गडद निळा शालू जांभळा येतो, त्याचे मूळ मात्र लॅबच्या गणितातच आहे. कागदाला न झेपणारा निळा त्या गणिताने आत ओढला की तो जांभळ्याकडे सरकतो. न झेपणारे रंग आत ओढण्याच्या पर्सेप्च्युअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक या दोन्ही पद्धती लावून बघा, एखाद्यात बरा येतो. आकाशाच्या एकसारख्या उतरणीत मध्येच पायरी दिसली तर मोजताना तक्त्यातली एखादी ओळ चुकीची वाचली गेल्याचा संशय घ्यावा. तेवढ्या बाबतीत दोष खरोखर प्रोफाइलचाच असतो.

यातले काहीच जुळत नसेल तर एक चाचणी बाकी सगळ्यांहून मोलाची आहे. मूळ तक्ता फेकून देऊ नका, अंधारात जपून ठेवा. तोच तक्ता आज पुन्हा, त्याच मार्गाने छापा, सुकू द्या आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवून दिवसाच्या उजेडात बघा. राखाडी चौकोन आधी बघा. तिथली झाक डोळ्यांना लगेच टोचते. दोन्ही तक्ते जुळले तर प्रिंटर जागच्या जागी आहे, गोंधळ फोटोच्या वाटेवर कुठेतरी आहे. जुळले नाहीत तर प्रिंटरच बदललाय : नोझल तुंबले असेल, मीडिया टाइप वेगळे असेल किंवा बाटलीतली शाई. यंत्र असेल तर फरक आकड्यात मिळतो. डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, एकच्या आसपास असेल तर तो डोळ्यांना जेमतेम जाणवतो, तीन-चार झाला की कुणीही बोट ठेवेल. सॉफ्टवेअरने प्रोफाइल बनवल्यावर दाखवलेल्या 'सरासरी चूक ०.५'वर फार विसंबू नका. ते प्रोफाइल आपल्याच मोजमापांशी ताडलेले असते, आजच्या प्रिंटरशी नव्हे.

आपल्याकडे कंपॅटिबल (प्रिंटरच्या कंपनीची नसलेली) शाई सर्रास वापरली जाते, आणि खास प्रोफाइल लागते तेही मुख्यतः तिच्यामुळेच. पण त्याच नावाची पुढची बाटली त्याच रंगाची असेल, याची हमी नसते. कोकणात आणि मुंबईत त्यात पावसाळ्याची भर. दमट कागद शाई वेगळ्या तऱ्हेने पितो आणि डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई सुकायला वेळ घेते. ओला तक्ता घाईने मोजला तर नोंद होते ती अर्धवट सुकलेल्या रंगांची, म्हणून एक रात्र जाऊ द्यावी. नवी बाटली ओतल्यावर राखाडीची एक अरुंद पट्टी छापून जुन्या पट्टीशेजारी ठेवली, तर प्रोफाइल नव्याने करायचे की नाही, ते लग्नाचा अल्बम हातात घेण्याआधीच कळते.