अवयव व ऊतीदान प्रशिक्षण

मृत व्यक्तीचे अवयव किंवा ऊती दान होऊ शकतात हे वेळेत ओळखणे, मृत्यूचे निदान नियमाप्रमाणे करणे, नातेवाइकांशी बोलणे आणि दात्याच्या शरीराची शेवटपर्यंत निगा राखणे, यांसाठी डॉक्टर, परिचारिका, प्रत्यारोपण समन्वयक, समाजसेवक आणि शस्त्रक्रियागृहातील कर्मचारी यांना दिले जाणारे शिक्षण. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया शिकवणे यात येत नाही. ती शस्त्रक्रिया शक्य व्हावी म्हणून आधी जे घडावे लागते, ते यात येते. जिवंत दात्याची तपासणी आणि समुपदेशन हा वेगळा विषय आहे.

एडुआर्ड त्सिर्म यांनी १९०५ मध्ये कॉर्नियाचे म्हणजे डोळ्याच्या पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण केले. जोसेफ मरे यांच्या चमूने १९५४ मध्ये जुळ्या भावांत मूत्रपिंडाचे, तर ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी १९६७ मध्ये हृदयाचे रोपण केले. प्रत्यारोपणाच्या इतिहासात ही नावे हमखास येतात. मोलारे आणि गुलों ही नावे मात्र फारशी कुणाच्या कानावर नसतात. या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९५९ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांचे हृदय यंत्राच्या श्वासावर चालू होते पण मेंदू कायमचा थांबला होता. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने या अवस्थेचे, म्हणजे मेंदूमृत्यूचे, निकष मांडले आणि मरणोत्तर अवयवदानाला पाया मिळाला. निकष छापून येणे सोपे असते. छाती वरखाली होत असलेल्या, हाताला उबदार लागणाऱ्या माणसाला मृत म्हणणे एका तासिकेत अंगवळणी पडत नाही.

स्पेनचे उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते आणि तितक्याच वेळा चुकीचे समजले जाते. तिथल्या यशाचे श्रेय ‘गृहीत संमती’च्या, म्हणजे हयातीत नकार दिला नसेल तर होकार धरण्याच्या, कायद्याला दिले जाते, पण तो कायदा १९७९ चा. राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना १९८९ मध्ये राफाएल मातेसांझ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, तेव्हा दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १४ मरणोत्तर दाते होते. पुढे हा आकडा ४० च्या वर गेला. प्रत्यक्षात तिथेही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. बदलले ते हे, की प्रत्येक मोठ्या रुग्णालयात तिथलाच एक प्रशिक्षित समन्वयक नेमला गेला, आणि तो बहुधा अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर होता. बाहेरून आलेल्या माणसापेक्षा रोज सोबत राउंड घेणाऱ्याचे लोक ऐकतात, एवढा साधा हा हिशेब. बार्सिलोना विद्यापीठाशी जोडलेला समन्वयकांचा अभ्यासक्रम १९९१ मध्ये सुरू झाला आणि अनेक देशांतले डॉक्टर तिथे शिकून गेले. अमेरिकेत १९९८ च्या केंद्रीय नियमाने रुग्णालयांना प्रत्येक मृत्यू अवयवसंकलन संस्थेला कळवणे बंधनकारक केले. नातेवाइकांना विचारणारी व्यक्ती त्या संस्थेची तरी असावी, नाहीतर संस्थेने मान्य केलेले प्रशिक्षण घेतलेली असावी, असेही त्यात म्हटले. ब्रिटनमध्ये २००८ च्या कृतिदलाने रुग्णालयोरुग्णालयी अवयवदानाचा एक डॉक्टर-प्रमुख आणि प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा मार्ग धरला. पाच वर्षांत दाते ५० टक्क्यांनी वाढवण्याचे उद्दिष्ट २०१३ मध्ये गाठले गेले.

ओळख आणि निदान

दान हातचे जाते ते पुष्कळदा नकारामुळे नव्हे, तर कुणी विचारलेच नाही म्हणून. त्यामुळे पहिला धडा फोनचा असतो. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत खूण अगदी ठोक दिली आहे: मेंदूला गंभीर इजा, ग्लासगो कोमा मापनात (शुद्धी किती आहे हे मोजण्याच्या पद्धतीत) ४ किंवा त्याहून कमी गुण, आणि गुंगीच्या औषधांनी त्याचा उलगडा होत नसेल, की समन्वयकाला कळवायचे. पात्र कोण हे कळवणाऱ्याने ठरवायचे नाही. ‘वय फार आहे’, ‘मधुमेह आहे’ असे म्हणून निवासी डॉक्टर फोन टाळतात. सत्तरीपुढच्या दात्यांची यकृते आणि मूत्रपिंडे वापरली जातात हे त्यांना ठाऊक नसते. लवकर फोन केला तर आपण रुग्णाची आशा सोडली असे दिसेल, ही भीतीही असते. म्हणून उपचार करणारे आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे असतात, हे आधी पक्के करून घ्यावे लागते. मृत्यूचे निदान करणाऱ्या डॉक्टरांचा प्रत्यारोपणाशी थेट संबंध नसावा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

निदानाचा सराव पुतळ्यावर आणि मग अनुभवी डॉक्टरासोबत खाटेशी होतो. आधी कारण माहीत हवे, शरीर थंड पडलेले नको, औषधांचा अंमल उतरलेला हवा. मग बाहुली, पारपटल, खोकला, घसा यांचा प्रतिसाद येतो का ते तपासायचे. कानात सुमारे ५० मिलिलिटर बर्फगार पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहायचे. शेवटी श्वसनाची चाचणी: भरपूर प्राणवायू देऊन यंत्र वेगळे करतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड साधारण ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढू देतात आणि उघड्या छातीकडे पाहत उभे राहतात. ती काही मिनिटे फार लांब वाटतात. मज्जारज्जूतल्या प्रतिक्षेपामुळे, म्हणजे मेंदूशिवाय आपोआप होणाऱ्या हालचालीमुळे, कधी हात छातीकडे उचलले जातात. हे आधी न पाहिलेली परिचारिका हादरते आणि तिचा चेहरा नातेवाईक वाचतात. म्हणून याच्या चित्रफिती आधीच दाखवतात. किती डॉक्टर, किती वेळा, किती अंतराने, हे देशोदेशीचे कायदे वेगवेगळे ठरवतात. हृदय थांबल्यावर होणाऱ्या दानाचे नियम निराळे असून, तिथे हात न लावता थांबण्याचा अवधी, पुष्कळ देशांत पाच मिनिटांचा, पाळावा लागतो.

नातेवाइकांशी बोलणे

प्रशिक्षणाचा गाभा हाच, आणि व्याख्यानाने न साधणारा भागही हाच. म्हणून नाट्यसराव करतात: सहकारी किंवा नट नातेवाईक होतात. एक डॉक्टर आत येतो आणि उभ्याउभ्या म्हणतो, ‘आम्ही शक्य ते सगळं केलं. त्यांचा ब्रेन डेड झालाय. आता ते फक्त व्हेंटिलेटरवर जिवंत आहेत.’ समोरची ‘पत्नी’ विचारते, ‘म्हणजे जिवंत आहेत ना?’ यावर खोलीत कुणाला लगेच उत्तर सुचत नाही. एकाच दमात मेलेले आणि जिवंत दोन्ही सांगितले, तर ऐकणारा जिवंत हाच शब्द धरणार.

दुसऱ्या फेरीत डॉक्टर बसतो, फोन बंद करतो, मृताचे नाव घेतो आणि सांगतो: ‘त्यांचा मृत्यू झाला आहे.’ मग गप्प राहतो. ही गप्प राहण्याची जागाच नवशिक्याला सगळ्यात कठीण जाते. नंतर: ‘छाती हलतेय ती यंत्रामुळे. श्वास ते घेत नाहीत.’ मृत्यूची वेळ म्हणून चाचण्यांनी निदान पूर्ण झाल्याची वेळ सांगायची, हृदय थांबेल ती नव्हे. दानाचा विषय इथे काढायचा नाही. मृत्यू उमगला आहे असे दिसल्यावर, वेगळ्या बोलण्यात, समन्वयकाने तो काढायचा. याला प्रशिक्षणात ‘दोन गोष्टी सुट्या ठेवणे’ म्हणतात.

क्रियापदाचा काळसुद्धा बोलतो. ‘बाबांना काय वाटतं?’ आणि ‘बाबांना काय वाटलं असतं?’ यांत मृत्यूएवढे अंतर आहे. दुसरा प्रश्न ‘तुमची इच्छा काय?’ याहूनही बरा, कारण तो निर्णयाचे ओझे मृताच्या स्वभावाकडे नेतो. ‘विचारावंच लागतं म्हणून विचारतोय’ ही सुरुवात टाळायची, आणि ‘आठ जीव वाचतील’ हा दबावही. ‘बॉडी’ म्हणायचे नाही. खाटेशी परिचारिका सवयीने म्हणते, ‘काका, कूस बदलतेय हं.’ हे ऐकणाऱ्या मुलाला काय वाटेल, यावर वर्गात हमखास वाद होतो. बोलणे ही माया आहे असे काहींचे म्हणणे, त्याने आशा जागते असे इतरांचे. दोन्ही खरे. मुलगा शेजारी असताना तिने थांबावे, एवढे म्हणता येईल. घरच्यांचा नकार हे पूर्ण उत्तर असते आणि सहीइतकेच ते नीट नोंदवले जाते.

दात्याची निगा आणि ऊती

मेंदू थांबल्यावर शरीर ढासळू लागते. रक्तदाब पडतो, शरीराच्या तापमानावरचे नियंत्रण सुटते, पाण्यासारखी लिटरवारी लघवी होते. ती व्हॅसोप्रेसिन या लघवी कमी करणाऱ्या संप्रेरकाने आवरतात. लक्षात ठेवायला शंभराचा नियम शिकवतात: वरचा रक्तदाब, रक्तातल्या प्राणवायूचा दाब आणि तासाची लघवी, सगळे शंभरापुढे. शरीराबाहेर थंड ठेवलेले हृदय सुमारे चार तास टिकते, मूत्रपिंड दिवसभराहून जास्त, म्हणून शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रकही अभ्यासात येते.

ऊतीदानाला अभ्यासक्रमात पुष्कळदा फार कमी वेळ मिळतो, हे अन्यायाचे आहे. पारपटल, त्वचा, हाडे आणि हृदयाच्या झडपा यांसाठी मेंदूमृत्यू लागत नाही. मृत्यू कोणत्याही वॉर्डात झाला तरी चालते. तिथे समन्वयक नसतो, रात्रपाळीची परिचारिका असते. पापण्या मिटवायच्या, वर ओला गार कापूस ठेवायचा, डोके किंचित उंच करायचे, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला फोन करायचा. डोळे काही तासांतच काढावे लागतात. बहुतेक कर्करोग असलेल्यांचे पारपटल चालते, रक्ताचा कर्करोग मात्र अपवाद. त्वचेचा फक्त पातळ थर घेतात. शेवटच्या आजाराची आणि प्राण्यांच्या चाव्याची चौकशी का करायची, याला २००४ मधली अमेरिकेतली घटना उदाहरण म्हणून सांगतात: ओळखता न आलेला रेबीज दात्याकडून पुढे गेला आणि ज्यांना त्याचे अवयव वा ऊती बसवल्या होत्या असे चौघे दगावले.

शस्त्रक्रियागृहातल्या कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण लागते. एरवी शस्त्रक्रिया संपली की रुग्ण शुद्धीवर येतो. इथे मध्येच यंत्र बंद करतात, मॉनिटर शांत होतो आणि भूलतज्ज्ञ खोलीतून निघून जातो. बाकीचे काम चालूच राहते. कुठे कुठे चीर देण्याआधी सगळे क्षणभर थांबतात आणि कुणीतरी दात्याचे नाव वाचून दाखवते. शेवटी नेहमीच्याच काळजीने टाके घालायचे, शरीर पुसायचे, पट्टी नीट लावायची आणि घरच्यांकडे द्यायचे, हेही पाठात लिहिलेले असते.